पोस्टाने काडतुसं पाठवा म्हणणाऱ्यांनो, आधी हे वाचा

रेंजवाला_टेक्सास

परवा इथे एकाने विचारलं होतं: टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून न्यू जर्सीतल्या एडिसनला बिऱ्हाड हलवतोय, नऊ एमएमची (पिस्तुलाची) हजार आणि पॉइंट टूटूची (.२२ इंची, बारीक) पाचशे काडतुसं उरली आहेत, मूव्हर्स घेत नाहीत, काय करू? पहिलाच सल्ला आला, "पोस्टाचा फ्लॅट रेट (ठरलेल्या दराचा) डबा घे, वर 'धातूचे सुटे भाग' लिही, कोण उघडून बघतंय?" खाली अंगठ्यांची रांग. राग आला म्हणून सविस्तर लिहितोय.

अमेरिकेच्या पोस्टात काडतूस चालत नाही. ग्राऊंडने (रस्त्याने) नाही, लेबल लावूनही नाही. माहीत असून टाकलं तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. दिवाणी दंड वेगळा, मूळ कायद्यात प्रत्येक चुकीमागे २५० ते १,००,००० डॉलर. फ्लॅट रेटची अफवा कुठून आली तेही सांगतो. घरी काडतुसं भरणारे लोक नुसती शिशाची बुलेट आणि प्रायमर (ठिणगी देणारी टिकली) नसलेलं रिकामं ब्रास (पितळी पुंगळी) पोस्टाने मागवतात. ते चालतं, डब्यात ७० पौंडांपर्यंत. प्रायमर किंवा पावडर आली की बंद. बुलेट म्हणजे फक्त पुढचं टोक, अख्खं काडतूस नव्हे, एवढाच घोळ आहे.

खाजगी कुरियरचा रस्ता आहे, पण अरुंद. माल 'लिमिटेड क्वांटिटी' (धोकादायक, पण थोड्या प्रमाणातला माल) म्हणून, फक्त ग्राऊंडने, एका खोक्याचं एकूण वजन ३० किलोच्या आत. रायफल-पिस्तुलाची १२.७ एमएमपर्यंतची आणि शॉटगनची ८ गेजपर्यंतची काडतुसं त्यात बसतात. आग लावणाऱ्या, अश्रुधुराच्या किंवा फुटणाऱ्या गोळ्या बसत नाहीत. ११५ ग्रेनच्या (साडेसात ग्रॅमच्या) बुलेटचं नऊ एमएम काडतूस साधारण १२ ग्रॅमचं, म्हणजे हजार नग १२ किलो. पॉइंट टूटूची पाचशे पावणेदोन किलो. वजनाची अडचण नाही, लोक चुकतात ते भरण्यात. सेंटरफायर (बुडाच्या मधोमध प्रायमर असलेली, नऊ एमएमसारखी) काडतुसं सुटी ओतून चालत नाहीत. आतल्या छोट्या डब्यात, कप्प्यात किंवा क्लिपमध्ये हवीत आणि प्रायमरवर काही आपटता कामा नये. कंपनीचे मूळ डबे टाकले असतील तर ५० किंवा १०० नगांचे झाकणाचे प्लॅस्टिक डबे घ्या. सुटी चालतात ती पॉइंट टूटू रिमफायर (प्रायमरचा मसाला बुडाच्या कडेत असलेली), तीही मजबूत खोक्यात. बाहेरचं खोकं लहान आणि दुहेरी पुठ्ठ्याचं घ्या, रिकामी जागा ठासून भरा. हलवून बघा, खुळखुळलं तर पुन्हा भरा. बंदूक त्याच खोक्यात ठेवू नका.

नाना_ह्यूस्टन

एवढा बाऊ कशाला? काडतूस आगीत पडलं तरी बंदुकीतून सुटल्यासारखं सुटत नाही. नळी नसते, दाब धरला जात नाही, पुंगळी फाटते आणि तुकडे जवळच पडतात. म्हणून तर ते स्फोटकांच्या १.४एस वर्गात आहे, सगळ्यात कमी धोक्याच्या. आणि त्या लिमिटेड क्वांटिटीला कागदपत्रंही लागत नाहीत, खोक्यावर एक चौकोन लागतो. तो नसला तर जग बुडतं का? सरकारला दंड गोळा करायचाय, दुसरं काही नाही.

लेबल_आधी

नाना, आगीचं बरोबर आहे. पण १.४एस हा वर्ग नुसत्या गोळीला मिळत नाही, पॅकिंगसकट मिळतो. स्फोट झालाच तर परिणाम खोक्यापुरता राहील, ही त्या वर्गाची अटच आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाचशे नग ओतले की ती अट गेली.

आणि चौकोनाचं काम नीट समजून घ्या. टोकावर उभा चौकोन, वरचा-खालचा कोपरा काळा, मध्ये पांढरं, बाजू किमान १०० एमएम, खोकं फारच लहान असेल तर ५०. तो नसेल तर हबवर (कुरियरच्या छाननी केंद्रावर) कोणाला कळत नाही की हे खोकं विमानात चढवायचं नाही. ग्राऊंडचे पैसे भरले म्हणून खोकं कायम ट्रकमध्येच राहतं असं नाही. मोकळी जागा दिसली की बिनलेबलाचा माल विमानात जाऊ शकतो. 'धातूचे सुटे भाग' लिहिणारा माणूस वैमानिकाच्या पाठीमागे दारूगोळा ठेवतो आणि त्याला सांगत नाही. मधोमध 'वाय' असलेला चौकोन विमानासाठीचा असतो, तो यावर चिकटवू नका. अशाच मालाची जुनी ओआरएम-डीची लेबलं अजून कपाटात असतील तर फेका. ती ३१ डिसेंबर २०२० ला संपली.

आणखी एक. दुसऱ्या राज्यात शस्त्रव्यवसायाचा परवाना नसलेल्या माणसाला पाठवताना कुरियरला लेखी कळवणं संघीय कायद्याने बंधनकारक आहे. कोपऱ्यावरच्या फ्रँचायझी दुकानात खोकं नेऊ नका, तिथे घेत नाहीत. कुरियरच्या स्वतःच्या केंद्रावर जा. खाजगी माणसाचं खोकं घ्यायचं की नाही हे प्रत्येक कंपनी आपापल्या नियमाने ठरवते आणि ते नियम बदलतात. पाठवायच्या आठवड्यात विचारा, उत्तर लेखी घ्या.

एडिसनची_माधवी

सगळे खोक्यावर बोलताय, पत्त्यावर कोणीच नाही! माल न्यू जर्सीत यायचाय. इथे पिस्तुलाची काडतुसं विकत घ्यायला किंवा दुसऱ्याकडून घ्यायला फायरआर्म्स आयडी कार्ड लागतं. म्हणजे "माझ्या मित्राच्या पत्त्यावर पाठव, मी येईपर्यंत ठेवेल" हा सल्ला त्या मित्राला अडकवणारा आहे. हॉलो पॉइंट (टोकाला खळगा असलेली, आत शिरून पसरणारी बुलेट) तर त्याहून वाईट. घरी ठेवता येतं, दुकानातून घरी आणता येतं, रेंजवर नेता येतं, बाकी बहुतेक ठिकाणी गुन्हा. कुरियरच्या गाडीतलं हॉलो पॉइंट कोणत्या सवलतीत बसतं हे वकिलाला विचारत बसण्यापेक्षा टेक्सासमध्येच संपवा.

काडतुसं घ्यायला इलिनॉयला एफओआयडी (शस्त्रधारकाचं ओळखपत्र), कनेक्टिकटला सर्टिफिकेट, मॅसॅच्युसेट्सला लायसन्स. न्यूयॉर्कमध्ये घरपोच नाही, परवानाधारक दुकानातूनच. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून प्रत्येक खरेदीला तपासणी. टेक्सासवाल्यांना हे दिसतच नाही.

नाना_ह्यूस्टन

राज्याराज्याचे हे जाच म्हणजेच माझा मुद्दा. आणि विमानात प्रवाशाला सामानात ५ किलो चालतं, मग खोक्यावर एवढी बंधनं का?

लेबल_आधी

ते ५ किलो स्वतःच्या वापरासाठी, चेक-इन सामानात, घट्ट डब्यात, एअरलाइनला सांगून. दोघांचं मिळून १० किलो एका डब्यात चालत नाही. ५ किलोत नऊ एमएमचे साधारण चारशे नग बसतात, डबा धरून.

सुट्टीला_पुणे

नाना, तो ५ किलोचा आकडा इथे टाकताय तर पुढचंही टाका. भारतात जाताना ही सवलत धरून कोणी एक गोळी घेऊन निघू नये! परवान्याशिवाय शस्त्र कायदा १९५९ लागतो, कलम ३ आणि २५. आपल्या लोकांचा खरा घोटाळा वेगळाच आहे. तीच बॅग रेंजवर, तीच बॅग मुंबईच्या विमानाला. पॉइंट टूटूचं काडतूस एक इंच लांब, पेन्सिलीपेक्षा बारीक. बॅगेच्या तळाच्या पुठ्ठ्याखाली सरकतं आणि वर्षभर तिथेच राहतं. परतीच्या वेळी एक्सरेत दिसतं आणि विमान जातं ते तुम्हाला सोडून.

रेंजवाला_टेक्सास

हा धागा पाठवण्याबद्दल आहे.

सुट्टीला_पुणे

आणि खोकं पाठवून अडकणाऱ्यांपेक्षा बॅगेमुळे अडकणारे आपल्यात जास्त भेटतील, म्हणून बोलणारच.

नाना_ह्यूस्टन

एका गोळीसाठी एफआयआर करणं हा शुद्ध छळ आहे. गोळी आहे, बंदूक नाही, काय करणार तो माणूस? कोर्टही सोडतं.

सुट्टीला_पुणे

सोडतं, पण कशावर ते बघा. ताबा जाणीवपूर्वक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच गुणवंतलाल खटल्यात सांगितलंय. त्याच आधारावर उच्च न्यायालयं अशा केसेस रद्द करतात. पण ती रद्द होईपर्यंत वकील, तारखा, व्हिसाच्या फॉर्मवरचा अटकेचा प्रश्न. "माहीत नव्हतं" हे व्यवहारात तुम्हालाच पटवून द्यावं लागतं. रिकामी पुंगळी आठवण म्हणून नेणाऱ्यांसाठी: किरकोळ सुट्या भागांना कलम ४५ मध्ये सूट आहे, पण विमानतळावरच्या शिपायाशी कलमावर वाद घालायची वेळ येऊ देऊ नका.

लोहचुंबक फिरवून बॅग तपासतात काही जण. उपयोग नाही, शिसं आणि पितळ चुंबकाला चिकटत नाही. बॅग उलटी करा, तळाचा पुठ्ठा काढा, शिवणीवरून बोट फिरवा, बाजूचे चेनचे खण बाहेर ओढा. त्याहून बरं, रेंजची बॅग वेगळीच ठेवा.

एडिसनची_माधवी

हे मात्र मान्य. त्या मूळ प्रश्नकर्त्यालाही सांगा, तो डिसेंबरात नागपूरला चाललाय.

नाना_ह्यूस्टन

बॅगेचं मान्य. विमानाचंही मान्य, वैमानिकाला न सांगता दारूगोळा चढवणं चूक आहे, तेवढं माघार घेतो. पण राज्यांच्या नियमांवर माझं मत तेच. आणि पाठवायचंच कशाला? माणूस गाडीने चाललाय ना?

रेंजवाला_टेक्सास

हे तुम्ही पहिल्यांदा बोलला असतात तर निम्मा धागा वाचला असता. स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या वापरासाठी नेलं तर धोकादायक मालाचे वाहतूक नियम लागूच होत नाहीत. बंदुकीसोबत नेताना काडतुसं हाताशी नकोत. डिकीत, कुलुपाच्या पेटीत, बंदूक रिकामी आणि वेगळी. फ्रिस्कोहून आय-३०, आय-४०, मग आय-८१ ने वर. मेरीलँडचा बारा मैलांचा तुकडा लागतो, तिथे मुक्काम करू नका. पेनसिल्व्हेनियातून आय-७८ ने न्यू जर्सी.

एडिसनची_माधवी

हॉलो पॉइंट निघण्याआधी रेंजवर संपवून. आणि कार्डाचा अर्ज इथे आल्याच्या पहिल्या आठवड्यात करा. हजार गोळ्या संपल्या की पुढचा डबा त्याशिवाय मिळणार नाही.