जुना ट्रेलर घेताना खोट काढून भाव पाडणं कितपत रास्त?

कळंबोलीवाला
माझं मत आधीच सांगतो. जुन्या गाडीचा भाव मालकाच्या तोंडून नाही, गाडीखाली आडवं पडून कळतो. सध्या एक 2019 ची 4018, म्हणजे चाळीस टनी ट्रेलरची गाडी, बघतोय. बीएस-4, म्हणजे धुराच्या जुन्या निकषाची, अठराचाकी, मागे कंटेनर ठेवायचा चाळीस फुटी सांगाडा. मागणी साडेसतरा लाख.

18 टायरांपैकी 7 रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले), त्यातले चार झिजून पार गोटा. नवीन टायर 21 हजारांच्या खाली येत नाही, म्हणजे दीड लाख तिथेच गेले. इंजिन गरम करून ऑइलचं झाकण सैल केलं तर ते जागेवर नाचत होतं आणि खालून धूर. बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे सिलिंडरचा दाब खाली गळतोय, हाफ इंजिन उघडावंच लागणार, लाखाचा खर्च. घोडा (पुढची ओढणारी गाडी) सोडवून, ट्रेलर ज्यावर जोडला जातो त्या किंग पिनला व्हर्निअर लावला. नवीन पिन 50.8 मिमी असते, ही 49.3 भरली, 49 ला तर बदलायचीच. मालक म्हणाला, "पिनला कोण मोजतं?" मी मोजतो. वर पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दोन महिन्यांवर आलंय, रंगरंगोटी धरून 30 हजार. पिनसकट सगळे मिळून 3 लाख.

शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या ट्रकवरचा जीएसटी 28 वरून 18 झाला. नवी गाडी स्वस्त झाली तर जुनीचा भाव गेल्या वर्षीचाच कसा? म्हणून साडेसतराचे आधी 16 केले, त्यातून 3 वजा, आणि 13 बोललो. मालक चहा अर्धा टाकून उठला. यात माझं काय चुकीचं आहे?

जुना मालक, लोणंद
उठणारच की! तुम्ही टायर दोनदा वजा करताय. सात वर्षांच्या गाडीचा बाजारभाव साडेसतरा धरला जातो तो झिजलेल्या टायरांसकटच. अठराच्या अठरा नवे असते आणि इंजिन नुकतंच बांधलेलं असतं, तर त्याने 20 मागितले असते, आणि तेव्हा तुम्ही म्हणाला असता "बाजारभाव साडेसतराच आहे". जुन्या गाडीच्या भावातून नव्या टायरची किंमत कापायची हा कुठला न्याय? अर्धा झिजलाय तर अर्धं कापा. गोटा टायरचं केसिंग, म्हणजे आतला सांगाडा, चांगलं असेल तर रिमोल्डवाला त्याचेही पैसे देतो, ते तुमच्या वहीत दिसत नाहीत.

आणि जीएसटीचं म्हणाल तर त्याने 28 टक्के भरून गाडी घेतलीय. एकट्या गाडीचा मालक, जीएसटी नोंदणी नाही, म्हणून भरलेल्या कराचं क्रेडिट नाही. तो भुर्दंड त्याने का सोसायचा? साडेचौदाच्या खाली ही गाडी जाऊ नये.

कळंबोलीवाला
टायरचा हिशेब अर्ध्यावर आणतो, चला. इंजिनाचा नाही, कारण ते पहिल्या महिन्यात माझ्याच खिशातून जाणार. पण त्याने काय भरलं याच्याशी घेणाऱ्याचा काय संबंध? कराआधी 40 लाखांचा ट्रक तेव्हा 51 लाख 20 हजारांना पडायचा, आज 47 लाख 20 हजारांना पडतो. चार लाखांनी नवीन उतरला. मलाही क्रेडिट नाही, मी हाच आकडा बघणार. टायरवरचा करही तेव्हाच 18 झाला, 21 हजार हा त्यानंतरचाच भाव, म्हणजे तो तर मी माझ्या विरोधात धरलाय!

न्हावा-शेवा लाईन
दोघंही लोखंड मोजताय. कमाई कुणी मोजायची? ही गाडी बंदर ते तळोजा, बंदर ते भिवंडी अशी कंटेनरवर चालवणार असाल तर बीएस-4 ने काही अडत नाही, युरियाचा (धूर साफ करणारं द्रावण) आणि सेन्सरचा ताप बीएस-6 पेक्षा कमी, ड्रायव्हरही खूश. पण दिल्ली लाईन धरणार असाल तर बाहेरच्या बीएस-4 मालगाड्यांना तिथे 31 ऑक्टोबर 2026 पर्यंतच मुभा आहे. एकाच गाडीचे दोन भाव झाले ना? बंदरवाल्याला 15 सुद्धा परवडेल, दिल्लीवाल्याने 13 ला पण हात लावू नये.

आरसीवर एकूण वजन 40 टन लिहिलंय की 45.5, तेही बघा. जुलै 2018 मध्ये एक्सलची वजनमर्यादा वाढली, 2019 च्या गाडीवर वाढीव असायला हवं. उद्या सांगाडा बदलून स्टीलच्या कॉइल ओढायची पाळी आली तर प्रत्येक खेपेला पाच टनांचा फरक. किंग पिनपेक्षा हा मोठा आकडा आहे.

हप्तेवाला
13 आणि साडेचौदा, भांडण दीड लाखाचं. 15 टक्क्यांनी 36 महिने धरा, दरमहा साधारण 5,200. एवढ्यासाठी चालती गाडी सोडता?

कळंबोलीवाला
महिन्याला 5,200 म्हणून विचारलंत की सगळंच स्वस्त वाटतं. तुमचा धंदाच त्यावर आहे.

हप्तेवाला
बरोबर. पण कर्ज तुमच्या वहीवर मिळत नाही, आमचा माणूस बघून जो आकडा लिहितो त्यावर मिळतं. वरचं रोख लागतं.

दलाल आहे, लपवत नाही
लोखंडावर घासाघीस करणारे कागदावर गप्प बसतात, मला याचीच गंमत वाटते. सौद्याआधी परिवहनच्या साइटवर थकलेली ई-चलनं बघा, आरसीवरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, बघा. बोजा असेल तर फायनान्सची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय इसार 10-20 हजारांच्या वर देऊ नका.

लोणंदच्या मालकांसाठीही एक गोष्ट आहे. कोऱ्या टीटी (नावबदलाच्या) फॉर्मवर सह्या करून गाडी सोडणारे खूप आहेत. गाडी ज्याच्या नावावर, अपघातात भरपाईची जबाबदारी त्याची, मग ती प्रत्यक्षात कितीही हात फिरलेली असो. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2018 मध्ये हेच सांगितलं. त्यामुळे जो घेणारा "आरटीओत बरोबर येतो, फॉर्म 29-30 माझ्या खर्चाने, लगेच नावावर" म्हणतो, त्याला विकणाऱ्याने 25-30 हजार सोडले तरी तो फायद्यातच आहे. कळंबोलीकरांनी टायरवरून ओरडण्यापेक्षा हे बोलून बघावं. माझ्या मते ही गाडी 14 ला तुटते, म्हणजे सौदा तिथे ठरतो.

जुना मालक, लोणंद
ट्रान्सफरचं मान्य, 14 अजून मान्य नाही. मल्टिएक्सलला नॅशनल परमिट 15 वर्षांपर्यंत मिळतं, गाडीचं निम्म्याहून जास्त आयुष्य शिल्लक आहे, तेही कुणी धरत नाही. साडेचौदा. आणि दलालसाहेब, तुमचे किती, तेही इथेच सांगा.

दलाल आहे, लपवत नाही
दोन्हीकडून एकेक टक्का. साडेचौदा झाले तर मला काही वाईट वाटणार नाही.