रोधावरची 'घट' : दुसरा शब्द आहे का?

ऐरोलीची मास्तरीण : आयटीआयच्या मुलांसाठी मराठीत सरावप्रश्न लिहितेय. 'प्रत्येक रोधावरील घट काढा' वाचून एकाने प्रत्येक रोधाच्या डोक्यावर सेलचं चिन्ह काढून दिलं! त्याने शाळेत विद्युतघट शिकलेला, आणि काढा म्हणजे चित्र काढा. मला हवी होती रोध (रेझिस्टर) ओलांडताना होणारी व्होल्टेजची घट. दुसरा शब्द सुचवा. गणित असं : १२ व्होल्टची बॅटरी २ ओहममधून आणि ६ व्होल्टची ३ ओहममधून एकाच बिंदूला जोडली, दोन्हींचे प्लस त्या बाजूला. बिंदूपासून सामाईक मायनसपर्यंत ६ ओहम.

शुद्धमती, ठाणे : तो घट म्हणजे सेल, ती घट म्हणजे कमी होणं. लिंगावरून कळतं की.

ऐरोलीची मास्तरीण : 'रोधावरील'मध्ये लिंग दाखवा बरं.

वागळे इस्टेटचा वायरमन : ताई, ड्रॉप लिहा. केबल लांबली की ड्रॉप येतो, हे पोरांना झोपेतही कळतं.

शुद्धमती, ठाणे : महावितरण व्होल्टेजला दाब म्हणतं, लघुदाब, उच्चदाब सर्रास लिहितं. मग 'दाबपात' काय वाईट?

रबाळे टेस्टिंग : पात नकोच. ताईंचंच गणित बघा. बिंदूवर ८ व्होल्ट येतात. २ ओहमवर ४, ठीक. ३ ओहमवर ८ वजा ६, म्हणजे २ व्होल्ट, पण धारा उलटी, धाकट्या बॅटरीत शिरणारी. त्या बॅटरीकडून बिंदूकडे निघालात तर रोध ओलांडताना २ व्होल्ट वर चढता. पोरगं विचारणार, सर, पात कुठाय? मी सरळ 'रोधाच्या दोन टोकांमधलं विभवांतर' (म्हणजे व्होल्टेजचा फरक) लिहितो आणि टोकांना प्लस-मायनस देतो. किर्खॉफचा फेरा मारताना, म्हणजे परिपथात फिरून चढउतारांची बेरीज शून्य मांडताना, खुणा चुकल्या की सगळंच बोंबललं.

ऐरोलीची मास्तरीण : ८ बरोबर. अध्यारोपणानेही (एकेका बॅटरीचा परिणाम वेगळा काढून बेरीज) तेच : एकट्या १२चे ६, एकट्या ६चे २. पण तिथेही 'दुसरा स्रोत शॉर्ट करा' लिहायला हात धजत नाही. कोणीतरी खरंच बॅटरीच्या टोकांना वायर लावेल.

वागळे इस्टेटचा वायरमन : लावतातच! 'बॅटरी काढा, तिच्या जागी वायर टाका' असं लिहा.

ऐरोलीची मास्तरीण : काका, परत 'काढा'?

शुद्धमती, ठाणे : जाता जाता : लेक्लांशेचा जुना सेल काचेच्या बरणीतच असायचा. घट हे नाव त्यावरूनच पडलं असणार. इतका नेमका शब्द टाकून सेल म्हणायचं, आणि रोहित्र टाकून ट्रान्सफॉर्मर!

वागळे इस्टेटचा वायरमन : रोहित्र फक्त टेंडरात. गावाकडे डीपी जळाली म्हणतात.

रबाळे टेस्टिंग : डीपी म्हणजे फ्यूजची पेटी हो, ट्रान्सफॉर्मर नव्हे.

वागळे इस्टेटचा वायरमन : आमच्याकडे खांबासकट सगळी डीपीच. पेटीला पेटी म्हणतो.

शुद्धमती, ठाणे : आणि ती 'जळाली'? स्त्रीलिंगी कधीपासून?