मराठी मजकुरासाठी यूटीएफ-८ की यूटीएफ-१६?

सातारकर_डीबीए:
पतसंस्थेच्या सभासद नोंदणीसाठी एसक्यूएल सर्व्हर २०१९ (मायक्रोसॉफ्टची डेटाबेस प्रणाली) वर नवा डेटाबेस उभा करतोय. अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग, यूटीएफ-८ घ्यायचं की यूटीएफ-१६, यावर वाद आहे. याच आवृत्तीत यूटीएफ-८ कोलेशन (मजकूर साठवण्याचे आणि तुलनेचे नियम) आलं, म्हणून टीममधले सगळे म्हणतात की एनव्हारचार (यूटीएफ-१६ मध्ये साठवणारा कॉलमचा प्रकार) सोडा, सगळं यूटीएफ-८ मध्ये ठेवा. माझा ठाम विरोध आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, यूटीएफ-१६ मध्ये २. ‘महाराष्ट्र’ घ्या: काना, हलन्त धरून १० चिन्हं, म्हणजे ३० विरुद्ध २० बाइट. शिवाय यूटीएफ-८ साठी व्हारचार हा कॉलमचा प्रकार घ्यावा लागतो, आणि व्हारचार(३०) मधले ३० हे बाइट असतात, अक्षरं नव्हेत. गावाच्या नावाला ३० दिलेत तर ‘महाराष्ट्र’नेच तो कॉलम काठोकाठ भरतो. लांब नावाचं गाव आलं की एंट्री अडलीच.

पोस्टग्रेसवाला:
नाव, गाव, पत्ता सोडला तर सभासदाच्या नोंदीत मराठी उरतं किती? पॅन, आयएफएससी, ईमेल, वेबसेवांकडून येणारं जेसन (माहिती देवाणघेवाणीचा मजकूर-साचा) हे सगळं इंग्रजी अक्षरांत. यूटीएफ-१६ मध्ये ते सगळं दुप्पट होतं. आणि उद्या पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर जायचं ठरलं तर तिथे सर्व्हरच्या बाजूला यूटीएफ-१६ नाहीच. सगळं जग यूटीएफ-८ वर असताना आपण वेगळी वाट कशाला धरायची?

सातारकर_डीबीए:
पॅन, आयएफएससी साध्या व्हारचारमध्येच ठेवणार आहे, एनव्हारचार फक्त मराठी कॉलमना. त्यावर रो कॉम्प्रेशन (ओळी दाबून साठवण्याची सोय) चालू केलं की एनव्हारचारमधला मजकूर दाबणारं युनिकोड कॉम्प्रेशन आपोआप लागतं. मायक्रोसॉफ्टच्याच तक्त्यात हिंदीसाठी ५० टक्के बचत दिली आहे, आणि लिपी तर एकच. म्हणजे चिन्हामागे साधारण १ बाइट. यूटीएफ-८ ला ही सोय नाही. मात्र एनव्हारचार(मॅक्स), म्हणजे लांबीची मर्यादा जवळजवळ नसलेल्या कॉलमला ती लागत नाही, तेव्हा पत्त्याला मॅक्स देऊ नका.

क्वेरी_प्लॅन_बघा:
तुम्ही दोघं बाइट मोजत बसलात, पण वेळ जातो तो भलतीकडेच. पॅन व्हारचारमध्ये ठेवणार ना? जावाचा जेडीबीसी ड्रायव्हर (जावा प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारा दुवा) मूळ सेटिंगनुसार प्रत्येक स्ट्रिंग युनिकोड म्हणून पाठवतो. कॉलमचं कोलेशन जुन्या ‘एसक्यूएल_लॅटिन१’ घराण्यातलं असेल, तर सर्व्हर पॅरामीटर (शोधायला पाठवलेलं मूल्य) बदलत नाही, प्रत्येक ओळीतलं मूल्य बदलून तुलना करतो. इंडेक्स (शोधसूची) असूनही सीकच्या (थेट नोंदीवर जाण्याच्या) जागी स्कॅन! एक सभासद शोधायला अख्खा इंडेक्स वाचला जातो. विंडोज कोलेशन घ्या, नाहीतर ड्रायव्हरची ती सेटिंग बंद करा. मायएसक्यूएलमध्येही हेच दुखणं आहे: एका टेबलात लॅटिन१ एन्कोडिंग, दुसऱ्यात यूटीएफ८एमबी४ (तिथलं यूटीएफ-८), आणि दोन्ही टेबलं जोडणारा जॉइन केला की इंडेक्स वाया.

पोस्टग्रेसवाला:
हेच तर माझं म्हणणं! दोन प्रकारचे कॉलम ठेवलेत म्हणूनच हे सापळे. सगळीकडे एकच एन्कोडिंग ठेवा. त्यासाठी थोडी जास्त डिस्क लागली तरी मला चालेल.

सातारकर_डीबीए:
प्रश्न डिस्कचा नाही, रॅमचा आहे. इंडेक्सचं पान ८ केबीचंच असतं. नावं जितकी आटोपशीर, तितक्या जास्त नोंदी एका पानात, आणि बफरमध्ये (रॅममधल्या जागेत) तितकी कमी पानं ठेवावी लागतात. शोध नावावरूनच होतो, पॅन कुणाला पाठ असतो? कोलेशनचा मुद्दा मात्र मान्य, पॅनला विंडोज कोलेशनच देतो.

कृष्णाकाठ:
एन्कोडिंग कुठलंही घ्या, ‘कऱ्हाड’ दोन तऱ्हांनी टाइप होतं: एकात ऱ, दुसऱ्यात र, हलन्त आणि न दिसणारा जोडक (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह). दिसायला सारखं, बाइट वेगळे, आणि एनएफसी नॉर्मलायझेशननेही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची युनिकोडची पद्धत) ती एक होत नाहीत. नोंद साठवण्याआधी एकच रूप करून घ्या, नाहीतर आमच्या गावचे निम्मे सभासद शोधात सापडणारच नाहीत.