कागद जपायची सवय नव्हती म्हणे!

खडूस वाचक

परवा इथेच एकाने ठोकून दिलं: 'नवस्वतंत्र देशांच्या परराष्ट्र धोरणावर लिहायचं तर लंडन-वॉशिंग्टन गाठा. या देशांना कागद जपायची सवयच नव्हती.' दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

अहो, जपायला आधी हातात तर पडायला हवेत! १९६१ साली ब्रिटिश वसाहतमंत्री इयन मॅक्लिऑड यांचा हुकूम होता की राणीच्या सरकारची पंचाईत होईल असा कागद नव्या सरकारच्या हाती लागता कामा नये. मलाया सोडण्याआधी क्वालालंपूरहून लॉऱ्या भरभरून फायली सिंगापूरला नौदलाच्या भट्टीत गेल्या. सूचना तरी किती बारीक! जाळल्यावर राखसुद्धा चुरडा. समुद्रात बुडवायचं तर पेटीला वजन लावा आणि किनाऱ्यापासून लांब, प्रवाह नसलेल्या खोल पाण्यात सोडा. उरलेलं गुपचूप इंग्लंडला. हॅन्सलोप पार्क या तिथल्या सरकारी ठिकाणातला तो साठा २०११ साली उघड झाला, तोही केनियात माउ माउ बंडाच्या काळात छळ सोसलेल्या म्हाताऱ्यांनी ब्रिटिश सरकारला कोर्टात खेचलं म्हणून. ३७ वसाहतींच्या सुमारे ८,८०० फायली. आणि सवय नव्हती म्हणे!

तिरपागडा

तो लेख माझाच. जाळलं ते बहुतेक पोलिस आणि हेरखात्याचं. परराष्ट्र धोरण सुरू होतं स्वातंत्र्यानंतर, तिथे साहेबाच्या नावाने किती दिवस खडे फोडणार? चीन युद्धात, १९ नोव्हेंबर १९६२ ला, नेहरूंनी केनेडींना दोन पत्रं लिहून लढाऊ विमानांच्या किमान १२ स्क्वॉड्रन मागितल्या. ती पत्रं आपल्याला वाचायला मिळाली कुठून? बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालयातून!

अर्धा चहा

आले नेहरू! तिसऱ्या प्रतिसादापर्यंत येतील असं वाटलं होतं, दुसऱ्यातच आले. चालू द्या.

वाळवी

नेहरू राहू द्या, कुलपाचं बोला. त्याच युद्धातल्या पराभवावरचा लष्कराचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल १९६३ चा, अजून गोपनीय. त्यातला काही भाग २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने नेटवर टाकला तेव्हा आपण वाचला. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, ठरावीक वर्षांनी कागद खुले करायचा नियम आहे. नियमच तो.

माझंच सांगते. एका अभिलेखागारात अकरा दिवस बसले. सकाळी मागणीची चिठ्ठी द्यायची, दुपारी तीच परत: 'फाइल हस्तांतरित नाही.' सूचीत विषय, क्रमांक, साल, सगळं छापलेलं. बाराव्या दिवशी एक फाइल आली. आत तीन कागद आणि टाचणीचा गंज.

खडूस वाचक

वाळवीताई, तुमच्या अकरा दिवसांपुढे माझ्या लॉऱ्या फिक्या. पण आपल्या बाबूने फाइल दडवली म्हणून साहेबाची भट्टी माफ होते का? फ्रेंचांनी १९६२ ला अल्जीरिया सोडताना दप्तरं उचलून नेली, आजही फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्सला आहेत. अशा दप्तरांवर हक्क कुणाचा, यासाठी १९८३ साली व्हिएन्नात करार झाला. पुरेशा देशांनी मंजुरीच दिली नाही, अजून लागू नाही.

तिरपागडा

माफ कोण करतंय? मी म्हणतो, तुमच्या रडगाण्यातून प्रबंध होत नाही. उघडा असेल तोच कागद वाचणार ना?

खडूस वाचक

रडगाणं? ज्याने जाळलं त्याच्याच कपाटातून इतिहास लिहा आणि वर त्यालाच विश्वासार्ह म्हणा. धन्य आहे!

जुना कारकून

भांडू नका. माझे वडील एका दूतावासात टंकलेखक होते. ते म्हणायचे, 'महत्त्वाचं फायलीत येतच नाही. ते साहेब गाडीत बसता बसता बोलतो.' तेव्हा दोघांनीही फार उड्या मारू नयेत.

तिरपागडा

ठीक. 'सवय नव्हती' हे वाक्य मागे घेतो. बाकीचा लेख तसाच राहील, कुणाचा रक्तदाब वाढला तरी. वाळवीताई, त्या तीन कागदांत होतं काय?

वाळवी

दोन स्टेशनरीच्या मागणीचे. तिसऱ्यावर एवढंच: 'समक्ष बोललो', आणि खाली सही.