लेव्होडोपाची गोळी ‘राखून’ ठेवायची का? आणि खाजकुइलीच्या चूर्णाचं काय? (चार टोपणनावांमधली चर्चा)

मोजमाप
पार्किन्सन्सचं (कंपवाताचं) निदान झालं की दोन सल्ले हमखास कानावर येतात. पहिला: लेव्होडोपा (मेंदूत जाऊन डोपामिन, म्हणजे या आजारात कमी पडणारं रसायन, बनणारं औषध) पाचेक वर्षंच लागू पडते, म्हणून ती लांबवा. दुसरा: तोवर खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण घ्या, ते नैसर्गिक असतं. हे दोन सल्ले एकमेकांनाच खोडतात. त्या बियांत कंपवातावर मुख्यतः जे काम करतं ते लेव्होडोपाच. म्हणजे मोजलेलं औषध कपाटात ठेवायचं आणि तेच औषध न मोजता पोटात घालायचं.

लांबवण्याबद्दल. नेदरलँड्समधल्या लीप चाचणीत (२०१९) ४४५ जण होते. एका गटाला लगेच १०० मिग्रॅ दिवसातून तीनदा, दुसऱ्याला तेच ४० आठवडे उशिरा. ८० आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक नव्हता. लवकर सुरू केल्याने आजार थांबला नाही, पण नुकसानही झालं नाही. थांबलेल्या गटाने मात्र ते ४० आठवडे जास्त त्रासात काढले. घाना आणि इटलीतल्या रुग्णांची तुलना (२०१४) आणखी बोलकी आहे. घानात औषध बरंच उशिरा मिळालं, तरी गोळीच्या असराचे चढउतार (असर मध्येच उतरणं, नकोशी वळवळ) आजाराच्या साधारण त्याच टप्प्यावर आले. चढउतार आजाराच्या वयाशी आणि मात्रेशी बांधलेले आहेत, गोळी किती वर्षं घेतली याच्याशी नाहीत.

पर्णिका
लांबवण्याचा सल्ला चुकीचा, हे मान्य. पण चूर्णाला ‘न मोजलेली गोळी’ म्हणून झटकू नका. २००४ साली ८ रुग्णांवर चाचणी झाली. कोणाला काय दिलं हे रुग्णांना किंवा तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. ३० ग्रॅम चूर्णाचा असर सरासरी ३४ मिनिटांत सुरू झाला, २०० मिग्रॅ लेव्होडोपा अधिक ५० मिग्रॅ कार्बिडोपाचा (गोळीत लेव्होडोपासोबत असणारं जोड-औषध) ६८ मिनिटांत. चांगला काळही ३७ मिनिटं जास्त टिकला आणि अनैच्छिक हालचाली वाढल्या नाहीत. २०१७ मध्ये १८ जणांना भाजलेल्या बियांची पूड दिली, तिथेही पूड गोळीच्या मागे पडली नाही. जिथे गोळी मिळतच नाही किंवा परवडत नाही, तिथे तुमचं ‘मोजलेलं औषध’ कुठून आणायचं?

मोजमाप
गोळीच नसेल तर पूड घ्यावी, वाद नाही. पण तुम्ही सांगितलेल्या दोन्ही चाचण्या एकेका डोसच्या. २०१७ चं काम करणाऱ्या गटानेच २०१८ मध्ये १४ जणांवर १६ आठवड्यांची चाचणी केली, तेव्हा ७ जणांनी पूड मध्येच सोडली: चौघांनी पोटाच्या तक्रारींमुळे, तिघांनी हालचाल खालावत गेली म्हणून.

कारण सरळ आहे, चूर्णात कार्बिडोपा नसतो. तो नसला की बहुतेक लेव्होडोपाचं डोपामिन मेंदूबाहेरच होतं. डोपामिन मेंदूत शिरू शकत नाही, उलट्या आणि कमी रक्तदाब मात्र देऊन जातं. म्हणून कार्बिडोपाशिवाय चार-पाचपट लेव्होडोपा लागते. १०० मिग्रॅच्या एका गोळीऐवजी ४०० ते ५०० मिग्रॅ. बियांत साधारण ५ टक्के धरली तर एका वेळेला ८ ते १० ग्रॅम पूड, दिवसाला २५-३० ग्रॅम.

आता लोक घेतात किती? एक चमचा, समजा ३ ग्रॅम. त्यात १५० मिग्रॅ. नुसता घेतला तर तो जेमतेम ३०-४० मिग्रॅ गोळीच्या तोडीचा, म्हणजे ‘चूर्णाने काही होत नाही’. पण तोच चमचा कार्बिडोपाची गोळी चालू असताना घेतला तर १५० मिग्रॅ जवळजवळ पूर्ण मोजले जातात, दीड गोळी वाढवल्यासारखे. मान-हात वळवळायला लागले की दोष गोळीला. अर्काच्या कॅप्सूलचं तर विचारूच नका. अमेरिकेत २०२२ मध्ये १६ ब्रँड तपासले, तेव्हा एका वेळच्या मात्रेत २ मिग्रॅपासून २४१ मिग्रॅपर्यंत लेव्होडोपा निघाली.

गोळीचं घड्याळ
दोघंही चूर्णात अडकलात. गोळी ‘लागत नाही’ म्हणून लोक पर्यायाकडे वळतात, आणि बरेचदा गोळी घेण्यातच चूक असते.

मळमळ होते? आधी पट्टीवरचे आकडे वाचा. बाहेरचं रूपांतर नीट अडवायला दिवसाला साधारण ७० ते १०० मिग्रॅ कार्बिडोपा लागतो. १०/१०० ची गोळी (पहिला आकडा कार्बिडोपाचा, दुसरा लेव्होडोपाचा) तीनदा म्हणजे फक्त ३० मिग्रॅ. २५/१०० तीनदा म्हणजे ७५. लेव्होडोपा तेवढीच, पोट शांत. हा बदल डॉक्टरांकडून करून घ्या. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड नको, ते मेंदूतलं डोपामिनच अडवतं. डोम्पेरिडोन चालतं, पण हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधी ईसीजी.

गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर दीड-दोन तासांनी, पेलाभर पाण्याबरोबर. प्रथिनांची अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा एकाच दारातून आत शिरतात, गर्दी झाली की औषध बाहेर राहतं. लोहाची गोळी दोन तास लांब. बद्धकोष्ठता आधी सोडवा. सावकाश विरघळणारी गोळी कुटू नका.

तीन दिवस वही ठेवा: गोळी कधी, असर कधी आला, कधी उतरला, वळवळ कधी. पुढच्या गोळीआधी असर उतरत असेल तर अंतर कमी करायचं की मात्रा वाढवायची, हे वहीशिवाय कोणी सांगू शकत नाही.

(अवांतर: नुसतं चूर्ण घेणाऱ्यांनी बी६ च्या मोठ्या मात्रांपासून दूर राहावं. कार्बिडोपा नसताना बी६ लेव्होडोपा मेंदूबाहेरच संपवायला मदत करतं.)

तिरकस
मोजमाप, लीपमध्ये ३०० मिग्रॅच होते, तेही ८० आठवडे. २००४ च्या एल-डोपा चाचणीत ६०० मिग्रॅ घेणाऱ्यांपैकी १६.५ टक्के लोकांना ४० आठवड्यांतच अनैच्छिक हालचाली सुरू झाल्या. पंचेचाळिशीतल्या माणसाला प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोलने (डोपामिनची नक्कल करणाऱ्या गोळ्यांनी) सुरुवात करून द्यायला काय हरकत?

मोजमाप
तो आकडा मात्रेविरुद्ध जातो, लेव्होडोपाविरुद्ध नाही. तरुण रुग्णाला त्या गोळ्या देता येतात, पण किंमत सांगून. ३०९० जणांच्या पाहणीत (२०१०) त्या गटातली औषधं घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के लोकांत जुगार, बेसुमार खरेदी, खादाडपणा किंवा कामवासना आवरेनाशी झाली होती. न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. रुग्ण हे स्वतःहून सांगत नाही, म्हणून घरच्यांना पहिल्याच दिवशी कल्पना हवी. गाडी चालवणाऱ्याला अचानक झोप येते, तेही बघा.

पर्णिका
आणि व्यायामाचं नाव कोणीच काढलं नाही! २०१८ च्या चाचणीत औषध सुरू न केलेल्या १२८ जणांपैकी ट्रेडमिलवर कमाल ठोक्यांच्या ८०-८५ टक्क्यांपर्यंत मेहनत करणाऱ्यांचे हालचालीचे गुण सहा महिन्यांत जवळपास तसेच राहिले, नेहमीसारखं राहणाऱ्यांचे घसरले.

चूर्णाबद्दल तुमचा हिशेब पटला, एक सोडून. ‘ते बंद करा’ एवढंच बोलून डॉक्टर वही मिटतात, आणि रुग्ण लपवून घेत राहतो.

मोजमाप
लपवणं सगळ्यात वाईट, सहमत. रोज २५-३० ग्रॅम घेणाऱ्याने एकदम थांबवलं तर गोळी बंद केल्यासारखंच: ताठरपणा, ताप, बेशुद्धीपर्यंत. ग्रॅम लिहून न्यावेत, डबा सोबत न्यावा, आणि गोळी वाढवत चूर्ण उतरवावं. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्यालाही सांगावं. उपाशी ठेवलं तरी घोटभर पाण्याबरोबर सकाळची गोळी घ्यायची का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावं.

गोळीचं घड्याळ
आणि शस्त्रक्रियेनंतरच्या उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड नको, हे केसपेपरवर लाल शाईने.