शब्दचर्चा : ‘काळा संगमरवर’, ‘हिरवा संगमरवर’ हे शब्द बरोबर आहेत का?

प्रश्न : मूर्तींच्या दुकानांत हे दोन्ही शब्द ऐकू येतात. संगमरवर म्हणजे पांढराच ना?

उत्तर : नाही. शब्द फारसी ‘संग-इ-मरमर’वरून आला, संग म्हणजे दगड. त्यात रंगाचा उल्लेख नाही. चुनखडक उष्णतेने व दाबाने पुन्हा स्फटिकरूप झाला की संगमरवर होतो. कॅल्साइट हे त्यातले मुख्य खनिज, आणि शुद्ध कॅल्साइट पांढरे असते. कार्बनमुळे राखाडी किंवा काळा, लोहामुळे गुलाबी, पिवळा रंग चढतो. राजस्थानातल्या मकराण्याच्या प्रसिद्ध खाणींतही पांढऱ्यासोबत गुलाबी आणि राखाडी दगड निघतो. तिथल्याच भैंसलान्याच्या काळ्या दगडाला संगमरवर म्हणणे योग्यच.

दुसरे उत्तर : हिरव्याचे मात्र वेगळे. उदयपूरजवळच्या केसरियाजीचा ‘हिरवा मार्बल’ हा सर्पेंटाइन या हिरव्या खनिजाचा खडक आहे, चुनखडकापासून झालेला संगमरवर नव्हे. चकाकी घेणारा प्रत्येक दगड व्यापारात मार्बल ठरतो, म्हणून हे नाव रूढ झाले. आपल्याकडच्या काळ्या मूर्ती पुष्कळदा बेसॉल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकाच्या असतात. त्यांना काळा पाषाण म्हणावे.

खरा संगमरवर ओळखायचा तर मूर्तीच्या बैठकीच्या खालच्या बाजूला १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका, हातमोजे घालून. कॅल्साइट लगेच फसफसते. डोलोमाइटी संगमरवर (ज्यात कॅल्साइटऐवजी मॅग्नेशियम असलेले डोलोमाइट हे खनिज असते) खरवडून भुकटी केल्याशिवाय नीट फसफसत नाही, आणि इथेच लोक चांगला दगड नापास करतात. हिरव्या दगडात पांढऱ्या शिरांवर थेंब पडला तर फेस येतो, तोही फसवतो. थेंब हिरव्या भागावरच हवा. नुसत्या चाकूच्या ओरखड्यावर विसंबू नये, कारण सर्पेंटाइनवरही ओरखडा उठतो.

पुरवणी, घडवणाऱ्यांसाठी : रंगापेक्षा कण आणि चीर आधी पाहा. नाक, बोटे, दागिने यांना बारीक कणाचा दगड लागतो. ठोकळ्यावर पाणी ओता. पृष्ठभाग सुकल्यावरही जी रेघ ओली राहते, ती चीर. ती मानेत किंवा मनगटात येत असेल तर ठोकळा फिरवून आखणी बदला. हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज आला तर घेऊच नका. टोकदार छिन्नी सरळ उभी मारली की आतले स्फटिक चुरडतात आणि पांढरे ठिपके राहतात. काळ्या दगडावर ते फार उठून दिसतात, पॉलिशने जात नाहीत. म्हणून शेवटचा थर दातेरी छिन्नी तिरपी धरून काढावा, मग कानस.

पूजेची मूर्ती असेल तर गिऱ्हाइकाला आधीच सांगा : पंचामृतातले दही कॅल्साइटची चकाकी खाते, लिंबू तर त्याहून लवकर. अभिषेक झाल्याबरोबर साध्या पाण्याने धुवावे.