शब्दचर्चा: माफीतला ‘आम्ही’ कोण?

मूळ प्रश्न (मेलबर्नहून)

नमस्कार मंडळी. आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या मुलांच्या वर्गासाठी एक मजकूर मराठीत करते आहे. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी ऑस्ट्रेलियाच्या संसदेत आदिवासींची माफी मागितली, त्या भाषणातला हा भाग आहे. पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. साधारण १९१० ते १९७० या काळात इथल्या सरकारांनी कायदे करून आदिवासी मुलं आईबापांकडून नेली आणि मिशनमध्ये, अनाथालयांत, गोऱ्या कुटुंबांत ठेवली. १९९७ च्या चौकशी अहवालाचा अंदाज असा, की त्या काळात दर तीन ते दहा आदिवासी मुलांमागे एक मूल असं नेलं गेलं. या मुलांना इथे ‘चोरलेल्या पिढ्या’ म्हणतात.

माझं घोडं दोन शब्दांवर अडलं आहे. पहिला ‘सॉरी’. पाय लागला तरी पोरं जो शब्द म्हणतात, तोच या भाषणात पुन्हा पुन्हा येतो. ‘दिलगीर आहोत’ लिहिलं तर पाणीपुरवठा बंद असल्याची सूचना वाटते. ‘क्षमस्व’ लिहिलं तर लग्नपत्रिकेच्या तळाशी असल्यासारखं.

दुसरा शब्द ‘वी’, आणि हा जास्त छळतो. इंग्रजीला एकच सर्वनाम पुरतं. मराठीत ‘आम्ही’ की ‘आपण’ हे ठरवल्याशिवाय वाक्यच पुढे सरकत नाही. १० डिसेंबर १९९२ ला सिडनीच्या रेडफर्न भागात, समोर आदिवासी श्रोते असताना, पंतप्रधान पॉल कीटिंग म्हणाले होते की मुलं आयांकडून काढून घेतली ती आम्हीच. तिथे ‘आपण’ लिहिलं तर ज्यांची मुलं गेली त्यांनाच करणाऱ्यांच्या रांगेत बसवल्यासारखं होतं, म्हणून ‘आम्ही’ लिहिलं. वर्गात ते वाचल्यावर एका मुलीने विचारलं, “मग आपण त्या ‘आम्ही’मध्ये आहोत का? माझे आजोबा तर तेव्हा साताऱ्याला होते.” मला उत्तर देता आलं नाही. माझा स्वतःचा नागरिकत्वाचा समारंभ २६ जानेवारीला झाला. तो आपला प्रजासत्ताक दिन आणि इथला राष्ट्रीय दिन. १७८८ मध्ये याच तारखेला ब्रिटिशांनी सिडनीच्या किनाऱ्यावर झेंडा रोवला, आणि १९३८ पासून आदिवासी माणसं ही तारीख शोकदिन म्हणून पाळत आली आहेत.

जाणकारांनी कृपया सांगावं.

पुण्याहून

ताई, आधी ‘सॉरी’कडे बघू. मराठीत याची उतरंड स्पष्ट आहे: खेद, दिलगिरी, माफी. खेद ‘व्यक्त’ करतात आणि माफी ‘मागतात’, हा क्रियापदांचा फरक निर्णायक आहे. व्यक्त करायला समोर कुणी असावंच लागत नाही. मागायला मात्र असावं लागतं, आणि तो नाहीही म्हणू शकतो. ज्याला नकार ऐकायची तयारी नाही, तो खेदावर थांबतो.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ ला सरकारी मोजणीनुसारच ३७९ माणसं मारली गेली. फेब्रुवारी २०१३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन अमृतसरला आले आणि तिथल्या वहीत त्यांनी या हत्याकांडाला ब्रिटिश इतिहासातली अत्यंत लाजिरवाणी घटना म्हटलं. २०१९ मध्ये, शंभर वर्षं होताना, तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत ‘लाजिरवाणा डाग’ म्हटलं आणि खेद व्यक्त केला. माफी दोघांनीही मागितली नाही. ‘लाजिरवाणी घटना’ या प्रयोगाचं व्याकरण पाहा: लाज घटनेला चिकटवली, माणसाला नाही. घटना लाजिरवाणी, पण लाजलं कोण? मराठी वृत्तपत्रंही ‘लाजिरवाणा प्रकार’, ‘माणुसकीला काळिमा फासणारी घटना’ असे मथळे सर्रास देतात. त्यात काळिमा फासणारा हात कधीच दिसत नाही.

तेव्हा ‘माफी’ हाच शब्द. मुलांसाठी आणखी सोपं हवं असेल तर ‘आमचं चुकलं’. मराठी मूल पाय लागल्यावर हेच म्हणतं, म्हणायचं.

नागपूरहून

शब्द समजले, पण मुळात मला ही कल्पनाच पटत नाही. जे मी केलं नाही त्याची लाज मी का बाळगावी? सरकारं येतात आणि जातात. मुलांना सतत ‘तुमच्या देशाने काय केलं बघा’ असं सांगत राहिलो तर त्यांना देशाबद्दल प्रेम कुठून वाटणार? आपल्याकडेही परदेशात जाऊन आपल्याच देशाची लाज काढणारे पुष्कळ आहेत. मला ते देशप्रेम वाटत नाही, आणि हे मी रागाने नव्हे, मनापासून विचारतो आहे.

ठाण्याहून

नागपूरकर दादा, तुमच्या प्रश्नातच दोन वेगळे वाक्प्रचार आले आहेत, म्हणून तिथूनच सुरू करतो: ‘लाज बाळगणे’ आणि ‘लाज काढणे’.

लाज काढणे, लाज घालवणे, मान खाली घालायला लावणे, नाचक्की, नामुष्की या साऱ्यांमध्ये बघणारे डोळे बाहेरचे असतात. नामुष्कीच्या मुळाशी ‘नामूस’ म्हणजे अब्रू आहे. चारचौघांत अब्रू गेली ही तिथली तक्रार. या अर्थाने देशाची लाज वाटली की माणूस पहिली गोष्ट करतो ती झाकपाक. ज्याने सांगितलं त्याच्यावरच चिडतो.

पण मराठीत आपण म्हणतो, ‘जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग.’ मनाच्या लाजेला बघणारा लागत नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याकडे बघून ती वाटते. ‘राष्ट्रीय लज्जा’ हा पुस्तकी जोडशब्द मला म्हणूनच अपुरा वाटतो, कारण तो जनाची आणि मनाची यांतलं अंतर बुजवून टाकतो. वर्तमानपत्रात ‘देशाची मान शरमेने खाली गेली’ असं वाचतो तेव्हा दहांपैकी नऊ वेळा लेखकाला जगातल्या प्रतिमेची काळजी असते. त्या मुलीची, त्या गावाची, त्या वस्तीची नसते.

आणि मनाची लाज परक्याबद्दल वाटतच नाही. शेजारच्या देशाने काही वाईट केलं तर आपल्याला संताप येईल, कीव येईल, लाज येणार नाही. लाज वाटायला तो देश आधी आपला वाटावा लागतो. म्हणून तुम्ही ज्याला देशप्रेमाची उणीव म्हणता, तिथे मला ते सगळ्यात भक्कम दिसतं.

आता ‘सरकारं येतात आणि जातात’ याबद्दल. देश आणि सरकार यांतला भेद मराठीला शिकवायची गरज नव्हती. टिळकांवर १८९७ आणि १९०८ मध्ये खटले झाले ते राजद्रोहाचे. १९०८ मध्ये केसरीतल्या ज्या अग्रलेखांवर त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, त्यातल्या एकाचं नाव होतं ‘देशाचे दुर्दैव’. राजद्रोह कशासाठी, तर देशासाठी, हे त्या मथळ्यातच होतं. मंडालेला जाणाऱ्या माणसाला देशद्रोही म्हणण्याचं मराठी वाचकाच्या मनातही आलं नसतं. अलीकडे मात्र राजद्रोहाच्या त्याच १२४ अ कलमाच्या बातम्यांत आपल्या वृत्तपत्रांनी ‘देशद्रोह’ हा शब्द बिनदिक्कत वापरला. राजा गेला म्हणून ‘राज’ काढलं आणि ‘देश’ घातला, इतकं ते साधं नाही. त्या बदलाने सरकारवरची टीका देशावरची टीका झाली. मला हा गेल्या काही दशकांतला मराठीचा सर्वांत घातक शब्दबदल वाटतो.

पण भेदाची दुसरी बाजूही खरी धरावी लागेल. टिळकांचं सरकार परकं होतं, ते निवडून देण्याचा अधिकार इथल्या माणसाला नव्हता. आपल्याला आहे. मत देऊन बसवलेल्या सरकारबद्दल ‘ते सरकार, मी वेगळा’ असं म्हणताना दहादा विचार करायला हवा.

फ्रँकफुर्टहून

एक छोटी भर. हीच चर्चा दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत झाली होती. पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष थिओडोर हॉइस यांनी डिसेंबर १९४९ मध्ये इथून जवळच वीसबाडेनला म्हटलं, की सामूहिक अपराध ही कल्पना आपल्याला मान्य नाही, पण सामूहिक लाज मात्र शिल्लक आहे. अपराध करणाऱ्याचा, एकेकाचा, लाज सगळ्यांची. तेव्हा ‘आम्ही’ लिहिलं म्हणून वर्गातल्या मुलीला कुणी गुन्हेगार ठरवत नाही, हे तिला सांगता येईल.

नाशिकहून

त्या मुलीला आजोबा साताऱ्याला असल्याचं उत्तर जमिनीच्या भाषेत देता येईल, आणि ऑस्ट्रेलियात प्रश्न शेवटी जमिनीचाच आहे. आपल्याकडे शेत विकत घेताना सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना आधी वाचतात. कर्ज मी काढलेलं नसतं, माझ्या बापानेही नसतं. पण बोजा जमिनीवर असतो, आणि जमीन माझ्या नावावर झाली की तोही माझ्याकडे येतो. तिथली घरं, बागा, शाळा, पेन्शन घेतलं, तर बोजाही घेतला. मराठीत याला अपराध म्हणत नाहीत, ‘देणं’ म्हणतात. ‘मी समाजाचं देणं लागतो’ या वाक्यात कुणी स्वतःला दोषी म्हणत नाही, आणि तरी हात झटकून मोकळाही होत नाही.

सोलापूरहून

पुणेकरांच्या ‘आमचं चुकलं’ला माझा विरोध आहे. चूक नकळत होते. कायदा करायचा, माणसं नेमायची, नोंदवह्या ठेवायच्या आणि साठ वर्षं तेच करत राहायचं, ही चूक नव्हे. ‘अन्याय केला’ म्हणा.

आणि हे फार लांबचं समजू नका. आमच्या गावात ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आजही आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसं गुन्हेगार ठरवली. पुढे अशा जमातींना तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत, म्हणजे ‘सेटलमेंट’मध्ये ठेवलं, हजेरी लावली. १९११ च्या कायद्यात या लोकांची मुलं आईबापांपासून वेगळी काढून सुधारशाळेत ठेवण्याची तरतूद होती. ऑस्ट्रेलियात त्याच सुमाराला जे चाललं होतं, त्याच साम्राज्याची ही भाषा. ब्रिटिश १९४७ ला गेले, पण हा कायदा देशभरातून उठला ३१ ऑगस्ट १९५२ ला. त्या पाच वर्षांतलं सरकार परकं नव्हतं. आणि त्यानंतर सराईत गुन्हेगारांसाठी म्हणून जे कायदे आले, त्यांनी पोलिसांची नजर बहुतेक त्याच वस्त्यांवर ठेवली.

या जमातींना ‘विमुक्त’ हा शब्द सरकारने दिला, आणि तो चांगला आहे. कुणीतरी बांधलं होतं हे त्यात निदान कबूल केलेलं आहे. पण बोलण्यात काय राहिलं? माझ्या लहानपणी आमच्या आळीत ‘सेटलमेंटकडचा’ हा शब्द शिवीसारखा वापरत. कुठल्याही कायद्याने तो वापरायला सांगितला नव्हता, आमचा आम्हीच वापरत होतो. जालियनवाल्याबद्दल ब्रिटनने माफी मागावी असं आपण म्हणतो, आणि म्हणावंच. पण विमुक्तांना उद्देशून तशीच माफी मराठीत लिहायची झाली, तर ‘आम्ही’ कोण लिहील? सरकार लिहील, की आमची आळी?

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. सोलापूरकर, तुमचा प्रतिसाद मी छापून वर्गात नेणार आहे.

आळीवरून आठवलं. १९९९ मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी संसदेत खोल आणि प्रामाणिक खेद व्यक्त करणारा ठराव आणला. ‘सॉरी’ हा शब्द मात्र त्यांनी टाळला. आजच्या पिढीने मागच्यांचा दोष का घ्यावा, हेच त्यांचं म्हणणं होतं. पण लोक सरकारसाठी थांबले नव्हते. १९९८ पासूनच गावोगावी ‘सॉरी’च्या वह्या ठेवल्या गेल्या आणि साध्या नागरिकांनी त्यांत सह्या केल्या. २८ मे २००० ला सिडनीच्या हार्बर ब्रिजवरून सुमारे अडीच लाख माणसं चालली, आणि वर विमानाने आभाळात तोच शब्द लिहिला. रड यांनी २००८ मध्ये पंतप्रधान म्हणून, सरकारच्या वतीने आणि संसदेच्या वतीने अशी तीनदा माफी मागितली. लोकांच्या वतीने वेगळी मागितली नाही. ती लोकांनी आधीच मागून ठेवली होती, असं मला आता वाटतं.

माझ्यापुरतं उत्तर मिळालं. या देशात मतदान सक्तीचं आहे. १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात, आदिवासींना संसदेपुढे म्हणणं मांडण्यासाठी घटनेत स्थान द्यायचं की नाही, या प्रश्नावर सुमारे साठ टक्के मतं ‘नाही’ पडली. मी त्या दिवशी रांगेत होते. निकाल माझ्या मताविरुद्ध गेला, पण तो ज्यांनी दिला त्या लोकांत मी आहे. तेव्हा आजोबा साताऱ्याला असले तरी मी ‘आम्ही’मध्ये आहे. वर्गातली ती मुलगीही अठराव्या वर्षी असेल.

देण्याबद्दलही वर्गात सांगेन. २००६ मध्ये टास्मानियाने पहिल्यांदा भरपाईचा कायदा केला. केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या प्रदेशांसाठी प्रत्येकी ७५ हजार डॉलरच्या भरपाईची योजना २०२१ मध्ये जाहीर झाली, म्हणजे माफीनंतर तेरा वर्षांनी. तोवर अनेकजण वारले होते.

मसुदा असा झाला आहे: “आम्ही कायदे केले. त्या कायद्यांनी आम्ही तुमची मुलं तुमच्याकडून काढून घेतली. हा अन्याय आम्ही केला. आम्ही तुमची माफी मागतो.” मूळ भाषणाचा हा शब्दशः अनुवाद नाही, मुलांसाठीचा गोषवारा आहे, आणि तसं वर लिहीन. ‘काढून घेतली’ऐवजी ‘हिरावून नेली’ जास्त परिणामकारक होईल का?

पुण्याहून

‘काढून घेतली’च ठेवा. ‘हिरावून’मध्ये दैव, काळ, मृत्यू असले कर्ते डोकावतात. कागदावर सही करून केलेल्या कामाला ‘काढून घेतली’ हेच बसतं. आणि सोलापूरकरांचा मुद्दा मान्य, ‘चुकलं’ मागे घेतो.